सगळ्या एका अंगाला

१

मावशीचा दिवस सकाळी आठ वाजता हात धुण्यापासून सुरू व्हायचा. कोपरापर्यंत साबण, मग टोपी, मास्क, गाऊन, बुटांवर कापडी खोळ, हातमोज्यांवर स्पिरिटचा फवारा. नवरीलाही एवढा साज नसेल. मग ती पायानं ढकलायचं दार ढकलून आतल्या खोलीत शिरायची, उबेचं कपाट उघडायची आणि मास्कच्या आतून म्हणायची, "चला गं बायांनो, खाऊन घ्या."

बाया म्हणजे पेशी. माणसाच्या मूळ पेशी, आपण पुढं कोण व्हायचं हे ज्यांनी अजून ठरवलेलंच नाही अशा. फार वर्षांपूर्वी कुण्या एका बाईच्या कातडीच्या नखाएवढ्या तुकड्यातून त्या बनवलेल्या होत्या. त्या बाईचं नाव कागदावर नव्हतं, नुसता क्रमांक होता. ती आज आहे की गेली, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. चपट्या, पारदर्शक फ्लास्कच्या तळाला चिकटून या पेशी वाढायच्या. रोज त्यांच्या खाण्याचं जुनं गुलाबी पाणी काढून ताजं घालायचं, चौथ्या दिवशी दाटी झाली की हळूच सोडवायचं आणि एका फ्लास्कचे सहा फ्लास्क करायचे. त्यांना रविवार नव्हता की सुट्टी नव्हती. एका माणसाच्या दुखऱ्या हृदयाला ठिगळ लावायचं तर अब्जभर पेशी लागतात, आणि दुखरी हृदयं काही कमी नव्हती.

मोजणीचं काम करणाऱ्याला सगळे गणित्या म्हणत. चाळिशीचा, जाड चष्म्याचा, तोंडानं फटकळ. त्यानंच आपल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तिचं नाव ठेवलं होतं. "यांची आई कोण ते माहीत नाही," तो म्हणाला होता, "पण माय मरो, मावशी जगो! तुम्ही यांच्या मावशी." तेव्हापासून बावन्न वर्षांच्या त्या बाईला प्रयोगशाळेत दुसरं नाव उरलं नव्हतं.

त्या मंगळवारी तिनं पहिला फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि डोळा लावला. मधोमध काहीच नव्हतं.

मेल्या की काय? तिनं फ्लास्क सरकवला, आणखी सरकवला. मेल्या नव्हत्या. नाण्यांसारख्या गोल पसरणाऱ्या त्यांच्या वस्त्या एका बाजूच्या भिंतीला दाटीवाटीनं टेकल्या होत्या. पाऊस आला की माणसं दुकानाच्या छपराखाली दाटतात, तशा. दुसरा फ्लास्क पाहिला. तोही तसाच. चोवीसच्या चोवीस तसेच.

कपाटात फ्लास्कची जी बाजू दाराकडे असे, त्या बाजूला.

पेशी ओतताना फ्लास्क कलता राहिला तर असं होतं, हे तिला तेवीस वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. पण या पेशी तीन दिवसांपूर्वी ओतलेल्या होत्या. तळाला घट्ट चिकटलेल्या होत्या. आणि काल सकाळी तिनं स्वतः पाहिल्या होत्या, छान सारख्या पसरलेल्या.

"फळी कलली असेल," ती स्वतःशी म्हणाली. मागं फ्रिजची घरघर चालू होती. तिनं सगळ्यांना खाऊ घातलं आणि कपाटाचं दार लावलं. लावताना तिला उगाचच वाटलं, आपण कुणाच्या तरी तोंडावर दार लावतोय.

२

संध्याकाळी ती दादाकडे गेली. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच तिला शिकवलं होतं. मावशीचं लग्न राहून गेलं होतं. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण दादाचं घर हेच तिचं माहेर.

"दादा, तुझी पाणसळ दे ना चार दिवस."

"पाणसळ? चिमे, तू आता फरशा बसवायला घेतल्यास की काय?"

"एक फळी कललीय का ते बघायचंय."

दादानं जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. हत्यारांची पेटी पलंगाखाली असायची. तो ती काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. एक हात पलंगावर, एक छातीवर. वहिनी स्वयंपाकघरातून धावली. दोघींनी धरून त्याला उठवून बसवलं. ओठ निळसर झाले होते.

"सगळ्या गावाला वर नेलं," श्वास जरा लागल्यावर तो म्हणाला, "आणि स्वतः घर घेतलं ते बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. आता खाली उतरलो तर वर येता येत नाही, म्हणून उतरतच नाही."

"बोलू नका हो," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. जिन्यापर्यंत मावशीला सोडायला आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, हृदयाचा तिसरा हिस्साच चालतोय. तुमच्या त्या ठिगळाच्या यादीत नाव लागलंय खरं, पण तोवर..."

"लागेल गं लवकर नंबर," मावशी म्हणाली. "माल तयार होतोय."

माल हा शब्द आपण कधी वापरत नाही, हे अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं.

३

पाणसळीतला बुडबुडा मधोमध राहिला. एकही फळी तसूभर कलली नव्हती.

मावशी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. लहानपणीही चिंचेच्या झाडाखालून रात्री एकटी जाणारी पोर ती. तिनं चोवीसही फ्लास्क उलटे फिरवून ठेवले, तोंड मागं आणि बूड पुढं. दुसऱ्या दिवशी पेशी बुडाकडे होत्या, म्हणजे पुन्हा दाराकडेच.

"धक्का," गणित्या म्हणाला. "तुम्ही दार उघडता, फ्लास्क हलतात, पाणी एका अंगाला जातं. नाहीतर उजेड. नाहीतर पुढच्या काचेची ऊब. पेशींना डोळे नसतात, मावशी."

"मी कुठं म्हटलं डोळे असतात?"

"तुमचा चेहरा म्हणतोय."

ती हसली. पण त्या दिवशी तिनं आपलं टेबल हलवलं. नेहमी ते कपाटासमोर असायचं, ते तिनं खोलीच्या उजव्या कोपऱ्यात नेलं आणि दिवसभर तिथंच बसून नोंदी केल्या. संध्याकाळी निघताना तिला स्वतःचीच लाज वाटली. सकाळी मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावायला तिला बराच वेळ लागला.

पेशी उजवीकडे होत्या.

त्याच आठवड्यात तिला ताप आला. दोन दिवस ती घरी अंथरुणात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी आली तर गणित्या दारातच भेटला.

"तुमच्या बायांनी रुसवा धरलाय. दोन दिवस मी खाऊ घातलं, पण पाणी गुलाबीच्या गुलाबी."

पेशी खातात तेव्हा ते पाणी पिवळं पडत जातं. गुलाबी राहिलं म्हणजे खाल्लंच नाही.

"आणि कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"कुठं म्हणजे? फ्लास्कमध्ये."

"कुठल्या बाजूला?"

गणित्यानं चष्मा काढून पुसला. "मागच्या. तिथं एसीची नळी जाते, त्यामुळे असेल. ऊब सारखी नसणार."

मागची भिंत. मावशी कपाटाजवळ गेली आणि फ्लास्कमधल्या पेशी जिकडे गेल्या होत्या तिकडे तोंड करून उभी राहिली. ती भिंत कोरी होती, पांढऱ्या रंगाची. भिंतीमागं कुंपण, कुंपणामागं रस्ता, रस्त्यापलीकडे दवाखाना, त्याच्या मागं तिची गल्ली. ती मनातल्या मनात वळणं मोजत घरापर्यंत गेली. मग जिना, मग दार, मग खिडकीखालची खाट. हात सरळ केला असता तर बोट त्या खाटेवर गेलं असतं.

हात सरळ करायची तिला हिंमत झाली नाही.

४

मोठ्या बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. साठीच्या, शांत, कुणाचं बोलणं मध्येच न तोडणाऱ्या. त्यांनी मावशीचं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग कागदांचा गठ्ठा पुढं ओढला.

"हे बघ. गुणसूत्रं ठीक. जंतू नाहीत. वाढीचा वेग ठीक. सहा चाचण्या, सहाही पास. बाजूला सरकतात हा दोष कुठल्या रकान्यात लिहू, सांग."

"मलाही तेच कळत नाही, बाई."

"तुला कळतंय, पण तुझ्या तोंडून निघत नाहीये. बोल."

मावशीनं कप बशीत ठेवला. "त्या मला शोधतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "ते तापाचे दोन दिवस सोडले तर तेवीस वर्षं एकही सुट्टी न घेता हे काम केलंस. थकलीयेस. आठवडाभर बाहेरचं काम कर. आत जाऊ नकोस."

आठवडाभर मावशी गोदामात बाटल्या मोजत बसली. सहाव्या दिवशी बाई स्वतः तिथं आल्या. त्यांच्या हातात आलेख होता आणि त्यातली रेघ खाली उतरत गेली होती. दुसऱ्या तिघांनी पाळीपाळीनं खाऊ घातलं होतं. तेच पाणी, तीच ऊब. पेशी वाढायच्या थांबल्या होत्या.

"तुझ्या हाताला गुण आहे म्हणायचं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. "परत ये. नाहीतरी सोमवारपासून सगळं टाकीत जाणार. टाकीत कसली बाजू आणि कसलं काय. आणि हे बघ, तुझा भाऊ यादीत आहे ना?"

मावशीनं बाटल्यांची वही मिटली आणि ती उठली.

५

टाकी काचेची होती, जाड काचेची, पुरुषभर उंचीची. आत रवीसारखी पाती सावकाश फिरायची, चोवीस तास. फ्लास्कमधून सोडवलेल्या पेशी त्यात एकमेकींना धरून खसखशीएवढ्या गोळ्या करायच्या आणि तशाच तरंगत वाढायच्या. एका टाकीत हजार फ्लास्कचा ऐवज. पाती फिरत असल्यामुळे सगळं गोल गोल फिरायचं. कुणाला कुठं सरकायला सवड नव्हती. मावशीला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

टाकीतल्या पहिल्या पेशी गावातल्याच रुग्णालयात गेल्या. तिथं त्यांच्या हृदयाच्या पेशी करून ठिगळं तयार झाली. पाच माणसांना ती लावली. त्यात दादा होता.

आणि दादा बरा झाला. नुसता बरा नाही, सातव्या आठवड्यात तो तिन्ही जिने एका दमात चढला. वर पोचल्यावर कठड्यावरून खाली वाकून ओरडला, "चिमे, लिफ्ट बंद आहे काय गं? किती वेळ लावतेस!" वहिनी रडत होती आणि हसत होती. मावशीनं जिन्यातच बसून डोळे पुसले. काय काय मनात आणलं होतं आपण! थकलेल्या डोक्याचे खेळ सगळे.

पुढच्या वेळी ती गेली तेव्हा घंटी वाजवायच्या आधीच दादानं दार उघडलं.

"खिडकीतून पाहिलंस होय?"

"खिडकी तिकडं आहे. तू दवाखान्याच्या वळणावर आलीस तेव्हाच कळलं."

"कसं?"

दादानं थोडा विचार केला. मग छातीच्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं, लिफ्टचं बटण दाबावं तसं. "इथं," तो म्हणाला आणि आपण काय बोललो याचं त्याला काहीच वाटलं नाही. तो आत जाऊन पेपर वाचू लागला.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी पुसत होती. तेच ताट तिनं तीनदा पुसलं.

"एक विचारू? रागावू नकोस. गेल्या गुरुवारी दुपारी तू कुठं होतीस?"

"गुरुवारी? बाईंबरोबर नदीपलीकडे गेले होते. नवीन इमारत बघायला. का?"

"किती वाजता?"

"दोनला निघालो, चारला परत."

वहिनीनं ताट खाली ठेवलं. "हे दुपारी दोन तास झोपतात. रोज या भिंतीकडे तोंड करून." ती ज्या भिंतीकडे बघत होती ती प्रयोगशाळेच्या बाजूची होती. "गुरुवारी मी शेजारी शिवत बसले होते. झोपेतच हळूहळू फिरायला लागले. हात नाही हलला, पाय नाही. घड्याळाचा काटा सरकावा तसे फिरले. नदीकडे तोंड झालं. चार वाजता परत इकडे." तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. "मी जागं केलं नाही गं. मला भीती वाटली की कोण जागं होईल."

६

दुसरी टाकी त्याच आठवड्यात भरत आली. सोमवारी ती रिकामी करायची, पेशी कुप्यांत भरून गोठवायच्या आणि बुधवारी दोन गाड्या येऊन त्या दूरदूरच्या रुग्णालयांत नेणार, असं ठरलं होतं. गणित्याच्या हिशेबानं एकशेचाळीस माणसांना पुरेल एवढा साठा होता.

रविवारची खाऊ घालायची पाळी मावशीची होती. दुपारचे बारा वाजले होते. इमारतीत पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं आणि तो फाटकावर. खोलीत ऊन नव्हतं, पण छताचे दिवे इतके पांढरे की कुठं सावलीच पडायची नाही. पात्यांचा आवाज येत होता. घुम्म, घुम्म, घुम्म.

ती काय करायला आली आहे हे तिनं स्वतःशीही शब्दांत म्हटलं नव्हतं. टाकीच्या तळाला तोटी होती. तोटीखाली तिनं मोठं पिंप सरकवलं आणि त्यात जंतुनाशक ओतलं. मास्कमधूनही नाक झोंबलं. चूक झाली म्हणेन, ती मनाशी म्हणाली. म्हातारी झालेय, चुकीची तोटी फिरवली म्हणेन. नोकरी जाईल, जाऊ दे. दादा तर बरा झालाय.

तिनं आधी पाती थांबवली. ती थांबली की गोळ्या तळाला बसतात आणि तोटीतून सगळ्या जातात.

घुम्म थांबलं. त्या आवाजाखाली इतके दिवस दुसरा कुठलाच आवाज नव्हता, हे तिला तेव्हा जाणवलं. पाणी थोडा वेळ फिरत राहिलं, मग संथ झालं. खसखशीएवढ्या लाखो गोळ्या, पांढुरक्या, धुकं उतरावं तशा खाली उतरू लागल्या.

आणि मध्येच थांबल्या.

मावशी बघत राहिली. आत एखादा प्रवाह राहिला असेल. ऊब वर चढत असेल. गणित्या असता तर त्यानं काहीतरी सांगितलं असतं. गोळ्या आडव्या सरकू लागल्या. घाई नव्हती. तिच्या समोरच्या काचेकडे त्या येत होत्या, एकामागून एक, मग थव्यांनी. काचेला लागल्या की तिथंच राहत होत्या. टाकीचा मागचा भाग हळूहळू स्वच्छ होत गेला, इतका की त्यातून पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसू लागलं. पुढच्या काचेवर मात्र एक डाग दाटत होता, मुठीएवढा. तिच्या चेहऱ्याच्या उंचीला नव्हता तो. खाली होता. तिच्या गाऊनच्या छातीवरच्या डाव्या खिशाच्या उंचीला.

ती एक पाऊल बाजूला झाली. डागही झाला.

या अजून हृदयाच्या पेशी नाहीत, ती स्वतःला सांगत होती. या अजून कुणीच नाहीत. यांना ठोका नसतो. हे सांगता सांगता तिनं पाहिलं की डाग हलतोय. दाटतोय, सैल होतोय. दाटतोय, सैल होतोय. आपल्या कानात जे धडधडतंय तेही तसंच चाललंय, हे कळायला तिला एक क्षण लागला.

तिनं खाली वाकून तोटीला हात घातला.

भिंतीवरचा फोन वाजला.

तो नंबर फक्त निकडीसाठी होता. बाहेरच्या माणसांपैकी तो एकट्या वहिनीकडे होता. फोन वाजत राहिला. मावशीनं एक हात तोटीवरून न काढता दुसऱ्या हातानं तो कसाबसा ओढून घेतला.

"काय करतेस तू?" वहिनी किंचाळत होती. "काय करतेस तिथं? हे पडलेत, छाती धरून पडलेत! डोळे पांढरे झालेत आणि एकच सांगतायत, तिला सांग हात काढ, तिला सांग हात काढ. कसला हात? चिमे, कसला हात?"

मागं कुणीतरी घशातून आवाज काढत होतं. लहानपणी तापात हाक मारली की "आलो गं" म्हणणारा आवाज मावशीला पाठ होता. हा तो नव्हता. आणि तरी दादाच्याच तोंडून येत होता.

मावशीनं तोटीवरचा हात काढला.

फोनवर एक लांब श्वास ऐकू आला. मग दुसरा. वहिनी रडू लागली. "बसले. उठून बसले गं. थांब, देते."

"चिमे?" दादा म्हणाला. आता तो दादाच होता, दमलेला आणि घाबरलेला. "काय झालं गं मला?"

"तू काही बोललास, दादा? हाताचं?"

"मी? मला श्वास घेता येत नव्हता, बोलतोय कुठला."

काचेवरचा डाग अजून तिथंच होता. तिनं फोन जागेवर ठेवला, पिंपाला झाकण लावलं आणि कळ दाबली. पाती फिरू लागली. गोळ्या काचेवरून सुटल्या, पण लगेच नाही. पाण्यानं ओढ ओढ ओढल्यावर सुटल्या.

७

सोमवारी टाकी रिकामी झाली. मावशीनं प्रत्येक कागदावर जिथं करायची तिथं सही केली. गणित्या म्हणाला, "अशी वाढ उभ्या जन्मात पाहिली नाही." बाईंनी जाताना मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

कुणाला सांगणार होती ती? आणि सांगून काय? तिनं तोंड उघडलं असतं तर पेशी नष्ट करायचा हुकूम सुटला असता. तो हुकूम ज्या क्षणी अमलात येईल त्या क्षणी पाच घरांत माणसं छाती धरून पडतील. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं दोन रात्री विचार केला आणि बुधवारी सकाळी आठ वाजता हात धुतले.

दहाच्या सुमारास गाड्या आल्या. पांढऱ्या, बिनखिडक्यांच्या. कुप्या ज्या पिंपांत होत्या त्यांतून थंड वाफ उतू जात होती. आतल्या थंडीत काहीच हलत नाही, वाढत नाही, खात नाही. पेशी तिथं दगडासारख्या पडून असतात. मावशी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी उभी राहून पिंपं गाडीत चढताना बघत होती. शेजारी गणित्या होता, हातात चहा घेऊन.

"गेल्या एकदाच्या," तो म्हणाला. "आता जरा माणसासारखी सुट्टी घ्या, मावशी. कुठंतरी लांब जाऊन या."

पहिली गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. मावशीनं ती कोपऱ्यापर्यंत पाहिली. मग झाडांआड ती दिसेनाशी झाली. पण कुठं आहे ते तिला कळत होतं. आता पुलावर. आता सिग्नलला थांबली. आता निघाली. तिच्या बरगड्यांच्या आत काहीतरी सावकाश, न दुखवता, डावीकडे चाललं होतं.

"मावशी," गणित्या म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "अशा वाकड्या काय उभ्या आहात?"

तिनं खाली पाहिलं. तिचे पाय जागच्या जागी होते. कमरेपासून वरचं अंग मात्र कलंडलं होतं, वाऱ्यानं रोप कलावं तसं, आणि ते कधी कलंडलं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं सरळ व्हायचा प्रयत्न केला. छातीत कळ आली. ओठ चावून तिनं खिडकीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

खाली दुसऱ्या गाडीचं मागचं दार लागलं. चालक चढून बसला, आणि उजवीकडे जायचा दिवा लुकलुकू लागला.